मानेचं ऑपरेशन : पुढून की मागून?

गेल्या वर्षी आमच्या मामांना बँकेनं परत पाठवलं. सही जुळत नव्हती. एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस, घाटात गाडी हेलकावे खात असताना उभ्यानं हिशेब लिहिणारा, आणि आता टेबलावर बसून स्वतःचं नाव लिहिता येईना. हात दुखत नव्हता, हीच पंचाईत होती. दुखलं असतं तर कुणीतरी लवकर लक्ष दिलं असतं. शर्टाची बटणं मामी लावून देत होत्या. वरणभात कालवताना बोटं एकमेकांत गुंतायची. आणि एकदा बाजारातून येताना डाव्या पायातली चप्पल वाटेतच राहिली, ते घरी पाय धुताना कळलं.

मामांना शुगर आहे, त्यामुळं आधी सगळं खापर शुगरवर फुटलं. मग मनगटात नस दबली असेल म्हणून पट्टा झाला. दीड वर्ष असं गेल्यावर कुणीतरी मानेचा एमआरआय काढायला सांगितला आणि मग घोळ नव्यानं सुरू झाला. एक सर्जन म्हणाले, गळ्यातून जाऊन दोन गाद्या काढू. दुसरे म्हणाले, मागून हाड काढू आणि स्क्रू बसवू. तिसरे म्हणाले, हाड काढायचंच नाही, दारासारखं उघडून ठेवायचं. घरी येताना गाडीत मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तिघांनी तीन सांगितलं, म्हंजी दोघं तरी खोटं बोलत्यात."

मी डॉक्टर नाही. वैद्यकीय विषयांवरचं वाचून ते सोपं करून लिहिणं एवढंच माझं काम. मामांच्या त्या वाक्याचं उत्तर शोधताना जे हाती लागलं ते इथं मांडते आहे, कारण अशी तीन मतं घेऊन गोंधळलेली घरं बरीच असणार.

नस दबणं वेगळं, मज्जारज्जू दबणं वेगळं

आपल्याकडं मानेचं काहीही झालं की "नस दबली" किंवा "मणक्यात गॅप आला" म्हणतात. या दोन शब्दांत फार वेगवेगळे आजार कोंबले जातात.

मेंदूपासून निघून पाठीच्या कण्यातून खाली जाणारी जाड केबल म्हणजे मज्जारज्जू. जाडीला साधारण करंगळीएवढी. मानेत सात मणके असतात आणि त्यांच्या मधल्या पोकळीतून ती जाते. तिला जागोजागी फाटे फुटतात, त्या नसा. एका घराकडं जाणारी वायर खराब झाली तर त्या घरात अंधार होतो. तशी एक नस दबली की एका हातात ठरावीक पट्ट्यात कळ जाते, मुंग्या येतात, आणि दुखतं चांगलंच. पण डीपीकडून येणारी मुख्य केबलच दबली तर सगळ्या आळीचे दिवे मिणमिणतात. दोन्ही हात बेंगरूळ होतात, चालताना तोल जातो, पाय ताठ पडतात, पुढं पुढं लघवीवरचा ताबाही सुटायला लागतो. या अवस्थेला मायलोपथी म्हणतात. लेखात हा शब्द पुन्हा येईल, तेवढा लक्षात ठेवा.

मायलोपथी बऱ्याचदा दुखत नाही. मान दुखेलही, नाहीही. त्यामुळं निदानाला सरासरी दोन वर्षांहून जास्त उशीर होतो असं परदेशातल्या अभ्यासांतही दिसलं आहे आणि त्या काळात पुष्कळांना मनगटातली नस दबल्याचं सांगितलेलं असतं. मामांच्या बाबतीत झालं ते काही जगावेगळं नव्हतं.

एक साधी तपासणी जपानी डॉक्टरांनी रूढ केली आहे. मूठ पूर्ण मिटायची आणि पूर्ण उघडायची, शक्य तितक्या भराभर, दहा सेकंद. निरोगी माणसाला वीसेक वेळा जमतं. मामा अकरावर थांबले, आणि बोटं उघडताना एकेक करून, जणू चिकटलेली असावीत तशी सुटत होती. यावरून घरबसल्या निदान करू नका, पण आकडा फारच कमी येत असेल तर डॉक्टरांना सांगण्यासारखी ती गोष्ट आहे.

जागा कमी कशी होते

मज्जारज्जू ज्या पोकळीतून जाते ती मानेच्या खालच्या भागात पुढून मागं साधारण १७-१८ मिलिमीटर असते. १३ च्या खाली गेली की अरुंद समजतात. काहींची जन्मतःच अरुंद असते. त्यांना तारुण्यात काही जाणवत नाही, पण हाताशी राखीव जागा कमी असते.

वय वाढतं तशी दोन मणक्यांमधली गादी सुकते, बसते आणि मागं फुगते. कडेनं हाडाचे काटे वाढतात, त्यालाच आपण "हाड वाढलंय" म्हणतो. पोकळीच्या मागच्या बाजूला एक लवचीक अस्तर असतं, ते जाड होऊन आत दुमडतं. म्हणजे पुढची भिंत पुढून सरकते आणि मागची मागून. काही लोकांत आणखी एक गोष्ट होते. मणक्यांच्या मागून, पोकळीच्या पुढच्या भिंतीलगत उभा जाणारा अस्थिबंधच हळूहळू हाड बनतो. याला ओपीएलएल म्हणतात. जपानमध्ये हे बरंच आढळतं, आणि मागून करायच्या शस्त्रक्रियांचा मोठा भाग तिथं विकसित झाला तो त्यामुळंच.

केबल नुसती दाबली जाते एवढंच नाही. मान खाली-वर करताना ती त्या काट्यांवर घासते, ताणली जाते, तिचा रक्तपुरवठा कमी होतो. म्हणून एखादा किरकोळ वाटणारा धक्का, गाडी खड्ड्यात आदळणं, घसरून पडणं, यातून अशा माणसाची अवस्था एकदम बिघडू शकते.

पुढच्या दारानं

"मणक्याचं ऑपरेशन आणि गळ्यातून?" मामींचा हा प्रश्न अगदी रास्त होता. पण मानेचे मणके पाठीपेक्षा गळ्याला जवळ आहेत. गळ्याच्या एका बाजूला, सुरकुतीच्या रेषेत छोटा छेद घेतात. अन्ननलिका आणि श्वासनलिका एका बाजूला हळूच सरकवतात, की समोर थेट मणके दिसतात. स्नायू फारसे कापावे लागत नाहीत. खराब गादी काढायची, मागचे काटे घासून काढायचे, केबल मोकळी करायची आणि रिकाम्या जागेत हाडाचा तुकडा किंवा छोटा पिंजरा ठेवून बहुधा वरून धातूची पट्टी बसवायची. पुढच्या काही महिन्यांत दोन मणके एकजीव होतात. याला फ्यूजन म्हणतात.

ही वाट १९५० च्या दशकात अमेरिकेत रुळली. बाल्टिमोरला स्मिथ आणि रॉबिन्सन, आणि तिकडं हवाई बेटांवर राल्फ क्लॉवर्ड, साधारण एकाच काळात. क्लॉवर्ड हे तेच, ज्यांनी १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा डोक्याला मार लागलेल्या सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या होत्या. सुरुवातीला लागणारं हाड रुग्णाच्याच कमरेतून काढायचे, आणि मानेपेक्षा कंबरच जास्त दिवस दुखायची. आता पिंजऱ्यांमुळं ते बरंच टळतं.

एक-दोन गाद्यांपुरता दाब असेल आणि तो पुढून येत असेल, तर ही शस्त्रक्रिया फार सरळ पडते. जिथं दुखणं तिथंच हात. अडचण येते ती मजले, म्हणजे दाब असलेल्या जागा, वाढले की. तीन, चार मणके एकमेकांना जोडायचे म्हटलं की एखादा जोड न जुळण्याची शक्यता वाढते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत तर जास्तच, कारण निकोटिन हाड जुळू देत नाही. तंबाखू-मशेरीतही निकोटिनच असतं, तेव्हा "मी ओढत नाही, नुसती मळतो" ही पळवाट इथं चालत नाही. शिवाय अन्ननलिका बाजूला धरल्यामुळं काही काळ गिळायला त्रास होतो, आवाज बसतो. बहुतेकांचं हळूहळू सुधारतं. ज्यांचा गळा हेच पोटापाण्याचं साधन आहे, कीर्तनकार, शिक्षक, गायक, त्यांनी हे सर्जनला आधीच सांगायला हवं.

फ्यूजनऐवजी हलणारी कृत्रिम गादी बसवण्याचा पर्यायही आहे. अमेरिकेत मानेसाठी तिला पहिली मान्यता २००७ मध्ये मिळाली. पण ती शोभते ती एक-दोन गाद्यांच्या आजारात, जिथं सांधे अजून चांगले आहेत तिथं. साठीतल्या, सगळीकडून हाड वाढलेल्या मानेत ती बसवणं म्हणजे गंजलेल्या बिजागरीला नवं कोरं दार लावणं.

मागच्या दारानं

मागून गेलं तर दिसतं पोकळीचं छप्पर. प्रत्येक मणक्याच्या मागच्या बाजूला हाडाची पाखी असते, तिला लॅमिना म्हणतात. ती काढून टाकली की केबलला मागं सरकायला जागा मिळते. ही लॅमिनेक्टमी, सगळ्यांत जुनी पद्धत. चार-पाच मजले एकदम मोकळे करता येतात, गिळण्याचा प्रश्न येत नाही.

पण कौलं काढली की वाशांचाही आधार जातो. मागचे स्नायू आणि हाडं मानेला मागं ओढून धरतात. ती सुटली की काही लोकांची मान महिन्यागणिक पुढं झुकत जाते. हंसासारखी वाकलेली मान, आणि केबल पुन्हा ताणलेली. यावर दोन उत्तरं निघाली.

पहिलं म्हणजे छप्पर काढा आणि दोन्ही बाजूंना स्क्रू-सळ्या बसवून मान जागच्या जागी पक्की करा. मामांना दुसऱ्या सर्जननी सांगितलं होतं ते हे. मान झुकत नाही, पण तेवढ्या भागाची हालचाल कायमची जाते.

दुसरं उत्तर जपानचं. १९७० च्या दशकात तिथल्या सर्जनना रोज ओपीएलएलचे रुग्ण दिसत होते, लांबच लांब दाब, आणि लॅमिनेक्टमीनंतर मान बिघडत होती. तोक्योच्या केइओ विद्यापीठातल्या हिराबायाशी यांनी छप्पर काढण्याऐवजी उघडायचं ठरवलं. एका बाजूनं हाड पूर्ण कापायचं, दुसऱ्या बाजूला फक्त पातळ करून बिजागरी ठेवायची आणि पाखी दारासारखी उचलून धरायची. सुरुवातीला ती टाक्यांनी बांधून ठेवत. आता टायटॅनियमची इवलीशी पट्टी लावतात. दुसरी तऱ्हा मधोमध चिरून दोन्ही बाजूंना उघडायची, जुन्या वाड्याच्या दुपाखी दरवाजासारखी. ही लॅमिनोप्लास्टी. मला स्वतःला या सगळ्या प्रकारात हीच कल्पना सर्वांत देखणी वाटते, पण देखणेपणावर शस्त्रक्रिया निवडायची नसते.

मागून जाण्याची किंमत स्नायूंना मोजावी लागते. मान काही महिने आखडते, दुखते. जखमेत जंतुसंसर्ग व्हायची शक्यता पुढच्यापेक्षा जास्त, आणि मधुमेह असेल तर आणखी. आणि एक विचित्र गुंतागुंत. काही जणांना शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांत खांदा वर उचलता येईनासा होतो. हे पुढून केल्यावरही घडतं, मागून केल्यावर जास्त. साधारण शंभरात पाचेक जणांत असं होतं आणि बहुतेकांचा खांदा काही महिन्यांत परत येतो. हे आधी माहीत नसलं तर घरच्यांच्या तोंडचं पाणी पळतं.

दांडीवरचा ओला टॉवेल

आता मामांच्या प्रश्नाचं खरं उत्तर. पुढून की मागून, हे बऱ्याच अंशी मानेचा आकार ठरवतो.

निरोगी मान बाजूनं पाहिली तर तिला एक बाक असतो, फुगवटा गळ्याकडं. अशा मानेत छप्पर उघडलं की केबल आपसूक मागं सरकते, पुढच्या काट्यांपासून सुटते. पण मान आधीच पुढं झुकलेली असेल, म्हणजे फुगवटा उलट मागच्या बाजूला असेल, तर केबल पुढच्या हाडांवर ताणून पडलेली असते. दांडीवर ओला टॉवेल टाकावा तशी. वरचं छप्पर काढलं म्हणून टॉवेल दांडीवरून उठत नाही. तिथं पुढूनच जावं लागतं, निदान मान सरळ तरी करावी लागते.

२००८ मध्ये जपानमधल्या चिबा विद्यापीठाच्या गटानं यासाठी एक सोपी रेघ सुचवली. बाजूनं काढलेल्या एक्स-रेवर, पोकळीचा वरचा मध्य आणि खालचा मध्य जोडणारी. पुढून वाढलेलं हाड त्या रेघेला ओलांडून मागं आलं असेल तर नुसतं छप्पर उघडून भागत नाही. एवढी साधी रेघ, पण तिनं कित्येक निर्णय बदलले.

इथं एक व्यवहारातली गोष्ट. एमआरआय आडवं झोपवून काढतात. झोपल्यावर मानेवर डोक्याचं वजन नसतं, त्यामुळं खरा बाक त्यात नीट दिसत नाही. म्हणून उभ्यानं, आणि मान पुढं-मागं वाकवून काढलेला साधा एक्स-रे लागतो. हजारो रुपयांच्या एमआरआयपुढं त्याला कुणी किंमत देत नाही. पण कोणत्या दारानं जायचं हे ठरवताना तो बरोबरीनं बोलतो.

मामांची फिल्म मग मी पुन्हा नीट समजून घेतली. चार मजल्यांवर दाब होता. त्यातल्या दोन गाद्या फार वाईट, पहिल्या सर्जननी त्यांवर बोट ठेवलं. मान वाकवल्यावर एका ठिकाणी मणका किंचित सरकल्यासारखा दिसत होता, दुसऱ्यांना त्याची काळजी वाटली आणि त्यांनी स्क्रू सुचवले. तिसऱ्यांच्या मते ते सरकणं नगण्य होतं, बाक शाबूत होता, म्हणून दार उघडलं तरी पुरे. कुणी खोटं बोलत नव्हतं. तिघांनी त्याच फिल्ममधल्या वेगवेगळ्या गोष्टीला जास्त वजन दिलं होतं. आणि हेही खरं की प्रत्येक सर्जनचा हात एका वाटेवर जास्त बसलेला असतो. त्यात वावगं काही नाही, फक्त ते आपल्याला ठाऊक असावं.

दोन्ही चालत असतील तर?

टोकाच्या केसेस सोडल्या तर मधे मोठा पट्टा असा आहे, जिथं दोन्ही दारं उघडी असतात. तिथं काय चांगलं? याचं उत्तर शोधायला उत्तर अमेरिकेतल्या १५ रुग्णालयांनी १६३ रुग्णांवर एक चाचणी केली. निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. कुणावर पुढून करायचं, कुणावर मागून, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. मान ठळक झुकलेले रुग्ण त्यात घेतलेच नव्हते.

एका वर्षानं रुग्णांनीच स्वतःच्या शरीरप्रकृतीला दिलेले गुण दोन्ही गटांत जवळजवळ सारखे वाढले. गुंतागुंती मात्र पुढच्या गटात ४८ टक्के, मागच्यात २४ टक्के. वाचून धसका बसतो, म्हणून आकडा उलगडून पाहायला हवा. पुढच्या गटातल्या ४१ टक्क्यांना गिळायला त्रास झाला, मागच्यात कुणालाच नाही. उलट नव्यानं आलेली मज्जासंस्थेची तक्रार पुढच्या गटात २ टक्के, मागच्यात ९. म्हणजे एकीकडं बरेच जण काही काळ भाकरी पाण्याबरोबर गिळत होते, दुसरीकडं थोड्यांचा हात कमजोर झाला. हे दोन्ही "गुंतागुंत" या एकाच खणात मोजलं गेलं. मला विचाराल तर ४८ आणि २४ हे आकडे शेजारी ठेवून निकाल देणं हा उथळपणा आहे.

याच चाचणीत लॅमिनोप्लास्टी झालेल्यांची प्रकृती इतरांपेक्षा चांगली दिसली. पण मागच्या गटात स्क्रू लावायचे की दार उघडायचं हे चिठ्ठीनं ठरलं नव्हतं, सर्जननी ठरवलं होतं. ज्यांची मान मुळात बरी, त्यांच्याच वाट्याला लॅमिनोप्लास्टी आली असण्याचा संभव आहे. चांगल्या मुलांच्या वर्गाचा निकाल चांगला लागला, यात शिक्षक किती आणि मुलं किती, तसाच हा प्रश्न.

मुंबईतून निघालेला वेगळा सूर

मुंबईच्या केईएम रुग्णालयात दीर्घकाळ काम केलेले न्यूरोसर्जन डॉ. अतुल गोयल जगभर ओळखले जातात ते मानेच्या पहिल्या दोन मणक्यांना स्क्रू-पट्टीनं जोडण्याच्या पद्धतीसाठी. १९९४ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली आणि आज ती सर्वत्र वापरतात. पण मायलोपथीबद्दलचं त्यांचं मत पार उलट्या टोकाचं आहे. त्यांच्या मते मूळ रोग दाब हा नाहीच. मणक्यांमागचे छोटे सांधे ढिले पडतात आणि वाढलेलं हाड, जाड झालेलं अस्तर हा शरीरानं घातलेला टेकू असतो. म्हणून हाड काढू नका, फक्त सांधे पक्के करा.

बहुसंख्य सर्जनना हे पटलेलं नाही. दाब दिसत असताना तो तसाच ठेवायचा हे त्यांच्या गळी उतरत नाही, आणि बाकीच्या पद्धतींशी चिठ्ठी टाकून केलेली मोठी तुलना झाल्याशिवाय ते उतरेल असंही वाटत नाही. पण केबलला नुसता दाब नव्हे, हालचालही इजा करते हे सगळेच मानतात. वाद आहे तो कशाला किती वजन द्यायचं याचा.

"पण ऑपरेशनच कशाला?"

हा प्रश्न दोन तऱ्हेनं विचारला जातो.

एक म्हणजे, एमआरआयमध्ये दाब दिसतोय पण मला काहीच होत नाही. मग घाबरू नका. १९९० मध्येच ६३ तक्रार नसलेल्या लोकांचे मानेचे एमआरआय काढून पाहिले होते. चाळिशीपुढच्यांत २८ टक्के लोकांच्या मानेत ठळक दोष निघाला. फिल्मवर उपचार करायचे नसतात, माणसावर करायचे असतात. लक्षणं नसताना, निव्वळ पुढं होऊ नये म्हणून शस्त्रक्रिया करू नये असंच आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. लक्ष मात्र ठेवायचं.

दुसरं म्हणजे, त्रास आहे पण थोडा आहे. यासाठी डॉक्टर १८ गुणांचा पेपर तपासतात. हात, पाय, संवेदना, लघवी यांचे मिळून गुण. १५ ते १७ म्हणजे सौम्य, १२ ते १४ मध्यम, ११ किंवा त्याखाली तीव्र. मध्यम आणि तीव्र अवस्थेत शस्त्रक्रिया करा, असं २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट म्हणतात. सौम्य असेल तर शस्त्रक्रिया किंवा देखरेखीखाली व्यायाम, दोन्ही चालतं. बिघडत गेलं तर मात्र शस्त्रक्रिया. चेक देशातल्या ब्रनो शहरातल्या डॉक्टरांनी सौम्य-मध्यम रुग्णांचे दोन गट करून दहा वर्षं पाहिले, शस्त्रक्रिया झालेले आणि न झालेले. फारसा फरक दिसला नाही. रुग्ण मोजकेच होते, पण प्रत्येक दाब म्हणजे उद्याच टेबलावर झोपा असं नाही, एवढं त्यावरून म्हणता येतं.

गोळीनं? रिलुझोल नावाचं एक औषध शस्त्रक्रियेच्या जोडीला सुमारे ३०० रुग्णांना देऊन पाहिलं. २०२१ मध्ये निकाल आला, हातापायांच्या गुणांत फरक नाही. पट्टा मानेला आराम देतो, केबलवरचा दाब काढत नाही. आणि मालिश? तेल चोळून घ्यायला हरकत नसावी, पण मायलोपथी असताना कुणाकडूनही मान कडाकड मोडून घेऊ नका. दाढी झाल्यावर न्हाव्यानं प्रेमानं दिलेला झटकासुद्धा नको.

"लुळं पडतात म्हणे"

गावाकडं मणक्याच्या ऑपरेशनचं नाव काढलं की कुणा ना कुणाचा चुलता त्यानंतर उठलाच नाही, ही गोष्ट निघते. धोका आहे, तो शून्य कुणीच सांगू शकत नाही. पण त्या गोष्टींतली बरीच माणसं आधीच चाकाच्या खुर्चीजवळ पोचलेली असतात. उशीर झालेला असतो तो ऑपरेशनला. केबलचा जो भाग सुकून गेला तो दाब काढल्यावर परत हिरवा होत नाही. लक्षणं किती दिवस होती आणि शस्त्रक्रियेच्या वेळी किती गुण होते, यावर पुढचं बरंचसं अवलंबून असतं. दोन्ही दारं चालत असतील तेव्हा तर दार कोणतं यापेक्षा हेच जास्त मोलाचं.

पूर्वी डॉक्टर म्हणायचे की शस्त्रक्रिया फक्त बिघाड थांबवते. उत्तर अमेरिकेतल्या १२ केंद्रांनी २७८ रुग्णांचा पाठपुरावा करून २०१३ मध्ये दाखवलं की सौम्य, मध्यम, तीव्र, सगळ्याच गटांत सरासरीनं सुधारणा होते. सुधारणा म्हणजे पूर्ववत नव्हे.

"मान वळेल का?"

मान डावी-उजवीकडं वळते त्यातला जवळपास निम्मा वाटा अगदी वरच्या दोन मणक्यांचा असतो, आणि नेहमीच्या शस्त्रक्रियांत ते बहुधा बाजूलाच राहतात. त्यामुळं एक-दोन मणके जोडले तर रोजच्या व्यवहारात फारसं जाणवत नाही. चार-पाच जोडले तर गाडी मागं घेताना अंग वळवावं लागतं, वर पंख्याकडं पाहणं अवघड जातं. लॅमिनोप्लास्टीत हालचाल जास्त टिकते, तरी थोडी कमी होतेच.

जोडलेल्या मणक्यांच्या शेजाऱ्यांवर ताण येतो, हेही खरं. पुढून फ्यूजन केलेल्यांत दर वर्षी साधारण ३ टक्के लोकांना शेजारच्या गादीचा नवा त्रास सुरू होतो असं एका प्रसिद्ध अमेरिकी अभ्यासात आढळलं होतं. त्यातला किती फ्यूजनमुळं आणि किती वयामुळं, यावर सर्जन आजही भांडतात.

राहिली "बिनटाक्याच्या, दुर्बिणीच्या" ऑपरेशनची जाहिरात. दुर्बीण हे आत जाण्याचं साधन आहे. एका बाजूची नस मोकळी करायला ती उत्तम. चार मजल्यांवर दबलेल्या केबलसाठी पहिला प्रश्न छेद केवढा हा नसून दाब पुरता निघणार का, हा असतो.

मामांनी तिसरा पर्याय घेतला. १८ पैकी १२ गुण होते, चार मजले, बाक शाबूत, आणि मान थोडी तरी वळती राहावी ही त्यांची इच्छा. आधी महिनाभर शुगर ताब्यात आणली. नात्यातल्या एकाच्या सल्ल्यानं रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून सरकारी योजनेत काय बसतं तेही विचारून घेतलं. शस्त्रक्रियेनंतर दोन महिने मान लाकडासारखी होती, मामा सगळ्यांवर चिडायचे. मग एक दिवस त्यांनी स्वतः बटणं लावली, वरचं एक सोडून. चप्पल आता पायातून निसटली तर कळते.

सही जुनी आली नाहीच. शेवटी बँकेनं नवी सही नोंदवून घेतली. पहिल्यापेक्षा मोठी, थोडी तिरकी. मामा म्हणतात, "हीबी आपलीच हाय."